आफ्रिकेची रंगीत तालीम

शैलजाताईंना गाडी चालवता येत नव्हती. आमच्या ओजिमातल्या निम्म्या मराठी मंडळींना हे माहीत होतं, पण तोंडावर बोलून दाखवायची हिंमत फक्त माझ्यात. बाकीचे त्यांचं लायसन्स बघून गप्प बसायचे. इथे जपानात ज्याच्या नावावर सलग पाच वर्षं एकही गुन्हा नाही, त्याच्या लायसन्सवर सोनेरी पट्टी येते, उत्कृष्ट चालक म्हणून. ताईंच्या लायसन्सवर ती होती. गुन्हा होणार कुठून? बाई स्टिअरिंगला शिवल्याच नव्हत्या! अशांना इथे पेपर ड्रायव्हर म्हणतात, कागदावरचे ड्रायव्हर, आणि सोनेरी पट्ट्या सगळ्यात जास्त त्यांच्याकडेच असाव्यात असा माझा संशय आहे. दर नूतनीकरणाला लायसन्स केंद्रातला साहेब कमरेत वाकून ताईंचं अभिनंदन करायचा आणि ताई घरी येऊन नारळाच्या वड्या करून अख्ख्या मजल्यावर वाटायच्या. मी वडी तोंडात टाकत म्हणायचे, ताई, हे म्हणजे पाण्यात न उतरता पोहण्याचं मेडल झालं. त्या म्हणायच्या, मेडल ते मेडल, तू आणखी एक घे.

मी अनुराधा, त्यांची शेजारीण. सहाव्या मजल्यावर आमच्या बाल्कन्या चिकटून आहेत, मध्ये एक पातळ पत्रा. आग लागली तर हा लाथ मारून फोडा, अशी त्यावर सूचना आहे. गप्पांसाठी तो फोडायची वेळ कधी आली नाही, कारण दोघींचेही आवाज दणदणीत. माझे यजमान सॉफ्टवेअरमध्ये, दिवसभर बाहेर. मी सकाळी डबे भरून विकणाऱ्या एका दुकानात अर्धवेळ काम करते आणि दुपारनंतर मोकळी असते. म्हणजे ताईंच्या तावडीत असते.

ताई मूळच्या मिरजेच्या. लग्नानंतर वर्षभरात तिथल्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांनी लायसन्स काढलं. तिथे स्टिअरिंग मास्तरांच्या हातात आणि विद्यार्थ्याने फक्त हॉर्न वाजवायचा, अशी पद्धत होती. पुढे त्यांच्या यजमानांना, मोहनरावांना, इथल्या एका संस्थेत धातूंवरच्या संशोधनाचं काम मिळालं, ताई आणि छोटी लेक चैत्राली मागोमाग आल्या, आणि इथे ते लायसन्स बदलून घेताना ताईंचं धाबं दणाणलं. परीक्षकाने एकदा नापास केलं कारण आरशात बघताना मान पुरेशी वळली नाही, एकदा कारण गाडी डाव्या कडेपासून लांब राहिली. पण बाई हटेल कशी? शेवटी परीक्षकच कंटाळला असं माझं म्हणणं आहे. लायसन्स मिळालं आणि पर्समध्ये गेलं. पोस्टात पार्सल घेताना ओळखपत्र म्हणून तेवढं बाहेर यायचं. सहलीला गेले की गाडी भाड्याने घेऊन मोहनराव चालवायचे, आणि ताई शेजारी बसून त्यांना संत्र्याच्या फोडी भरवायच्या.

आणि आभार! ह्या बाईंइतके आभार मानणारं माणूस मी आयुष्यात बघितलेलं नाही. इथल्या बँकेच्या मशिनवर पैसे काढले की पडद्यावरची कार्टूनमधली बाई वाकून नमस्कार करते. ताई तिलाही उलट वाकून नमस्कार करतात. मागे रांग उभी असते हो! मी एकदा दंडाला धरून ओढलं तर म्हणाल्या, तिनं केला, आपण नको का करायला?

आता मोहनरावांचं सांगते. हा अत्यंत शांत, अत्यंत पद्धतशीर आणि त्यामुळे अत्यंत ताप देणारा माणूस. दोन हजार अकराचा भूकंप झाला, त्या वसंतात पुन्हा पुन्हा धक्के बसत होते. लिफ्ट बंद, अर्धे भारतीय परत गेलेले, आम्ही राहिलेले सगळे ताईंच्या घरात खिचडीवर. एका संध्याकाळी दिवा हलायला लागला, सगळे टेबलाखाली गेलो, आणि टेबलाखालून मोहनराव अगदी हळू म्हणाले की ह्यातून नीट सुटलो तर मला एकदा मोकळ्या रानात सिंह बघायचाय. मी म्हटलं, अहो, आत्ता सिंह कुठून आला? म्हणाले, लहानपणापासून आहे, सांगायचं राहून गेलं होतं.

त्या दिवसापासून त्यांची आफ्रिका सुरू झाली. निवृत्तीनंतर जायचं, दक्षिण आफ्रिकेतल्या राष्ट्रीय उद्यानात, स्वतःची भाड्याची गाडी घेऊन, उद्यानाच्या आतल्याच मुक्कामाच्या जागी राहत राहत. कुठला रस्ता डांबरी, कुठला मातीचा, कुठल्या पाणवठ्यावर सकाळी ऊन मागून येतं, फाटक किती वाजता बंद होतं, सगळं त्यांना पाठ. तिथेही गाड्या डाव्या बाजूने चालतात, ही बातमी त्यांनी आम्हाला अशा आनंदात सांगितली की जणू ती सोय त्यांच्यासाठीच केलीय. इथे शाळेच्या सहलीचीसुद्धा छापील पुस्तिका निघते, तशी त्यांनी आफ्रिकेची पुस्तिका केली होती. त्यात नाश्त्यानंतर हत्ती, जेवणाआधी गेंडा असं चक्क वेळापत्रक. मी विचारलं, गेंड्याला कळवलंत का? ते हसले नाहीत. म्हणाले, अंदाज आहे, अनुराधाताई, त्यात थोडं पुढेमागे होईल.

आणि निवृत्तीच्या वर्षीच त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, पण डाव्या बाजूचं हळूहळू नाहीसं होत गेलेलं, आणि हे त्यांना स्वतःला कळलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकवू, किती टिकेल ते सांगता येत नाही. मोहनराव घरी आले, कपडे बदलले, चहा घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःचं लायसन्स परत करून आले. इथे म्हातारी माणसं तसं करतात, आपण होऊन. तिथला माणूस आदराने वाकतो, एक प्रमाणपत्र देतो. मोहनरावांनी ते प्रमाणपत्र आणि आफ्रिकेची पुस्तिका एकाच खणात ठेवली आणि खण लावला.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. भांडण नाही, रडणं नाही, नुसतं घर गप्प. मी बाल्कनीतून हाक मारली की ताई यायच्या, पण त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा नाही. चैत्राली ओसाकाला नोकरी करते. तिने फोनवर सुचवलं की टूर कंपनीबरोबर जा, बस, गाइड, जेवण, सगळं त्यांचं. सुचवलं तेही जपानीत, कारण ह्या पोरीला आई मराठीत काहीही विचारो, उत्तर जपानीतच येतं. मोहनरावांनी टूरला साफ नकार दिला. ताईंनी खूपच खोदून विचारलं तेव्हा एकदाच बोलले. म्हणाले, "बसमधला गाइड म्हणणार, डावीकडे बघा. मी मान वळवून शोधेपर्यंत ते जनावर गेलेलं असणार आणि बस पुढे निघालेली असणार. मला हल्ली दिसायला वेळ लागतो, शैला. बस कुणा एकासाठी थांबत नाही."

हे ताईंनी मला दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या पलीकडून सांगितलं. सांगताना आवाज फाटला. मग नाक शिंकरलं आणि त्याच दमात म्हणाल्या, मी चालवते.

मला वाटलं, दुःखाने डोकं फिरलं. मी म्हटलं, ताई, तुम्ही मिरजेत फक्त हॉर्न वाजवलाय. त्या म्हणाल्या, लायसन्स आहे ना? सोनेरी आहे ना? आता त्याचं सोनं करते.

चैत्रालीला कळलं तेव्हा तिने फोनवर, "आई, यामेते," असं म्हटलं, म्हणजे हे नको करूस, आणि मग तेच इतक्या वेळा म्हटलं की तो शब्द मलाही पाठ झाला. मोहनरावांनी तर विषयच उडवून लावला. पण ताईंनी कुणाला न विचारता पेपर ड्रायव्हरांच्या शिकवणीत नाव घातलं होतं. आठवड्यातून दोनदा एक म्हातारे मास्तर, मात्सुदा सेन्सेई, आमच्या इमारतीखाली गाडी घेऊन यायचे. त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक. पहिल्या दिवशी ताई परत आल्या त्या घामाने निथळत. सेन्सेईंनाही घाम फुटला होता. आमच्या गल्लीच्या वळणावर एक लिंबाचं झाड आहे, त्याला त्यांनी दोनदा पाडता पाडता सोडलं.

पण बाई शिकली. सहा महिने पदर खोचून शिकली. पावसात शिकली, मोठ्या पुलावर शिकली, मागे घेऊन उभी करायला शिकली, तेवढं अजून तिरकंच होतं. आणि शिकवणीतली जी गोष्ट त्यांना मनापासून आवडली ती वेगळीच होती. इथे कुणी आपल्याला रस्ता दिला, थांबून पुढे जाऊ दिलं, की गाडीचे चारही इशारादिवे दोन-तीनदा लुकलुकवायचे. मागच्याला ते आभार समजतात. परीक्षेत हे नसतं, पुस्तकातही नसतं, लोक नुसतं करतात. सेन्सेईंनी ते सांगितलं आणि ताई अक्षरशः हरखल्या. घरी येऊन मला म्हणाल्या, अगं, इथे गाडीसुद्धा नमस्कार करते! तेव्हापासून त्या दिव्यांच्या तांबड्या त्रिकोणाच्या बटणाला जी काही विश्रांती मिळाली असेल ती सिग्नलला.

शेवटी मोहनराव थोडे वाकले. इतकी वर्षं इथे काढलेला माणूस, त्याला रंगीत तालमीशिवाय काही करवत नाही. इथली पद्धतच ती. शाळेची सहल न्यायची तर मास्तर आधी जाऊन सगळं बघून येतात, अगदी संडास कुठे आहेत इथपर्यंत. त्यांनी अट घातली. फुजीच्या पायथ्याकडे एक सफारी पार्क आहे, आपली गाडी घेऊन आत जाता येतं, मोकळे सिंह असतात. तिथे तालीम करायची. "एकही चूक न करता आत नेऊन बाहेर काढलंस तर आफ्रिका. चूक झाली तर हा विषय कायमचा बंद. मला मधे लोंबकळत राहायचं नाही." साक्षीदार म्हणून चैत्रालीला ओसाकाहून बोलावलं. मला कशाला घेतलं ते मी विचारलं नाही. डबा मीच करणार होते.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं गाडी भाड्याने देणाऱ्या दुकानात. छोटी पांढरी गाडी. तिथला तरुण मुलगा तक्त्यावर गाडीचं चित्र घेऊन आधीचे ओरखडे दाखवत फिरत होता. त्याच्या मागून ताई फिरत होत्या, हातात हळदीकुंकवाची डबी. बॉनेटवर बोट टेकवून झालं. तो मुलगा वळला, तांबडा-पिवळा ठिपका बघितला, परत तक्ता बघितला, आणि फार नम्रपणे विचारलं की हे निघेल ना. ताईंनी त्याचेही आभार मानले. मग पुढे आणि मागे नवशिक्याचं हिरवं-पिवळं चिन्ह चिकटवलं, आणि निघालो.

हायवेला लागलो. मोहनराव पुढे, डाव्या सीटवर, आणि त्यांचं तोंड एक क्षण बंद नाही. शैला, आरसा. शैला, मागे ट्रक. शैला, वेग बघ. एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस! मी मागून म्हटलं, तुम्ही बोलून चालवताय, त्या चालवून चालवतायत, दोन ड्रायव्हर कशाला? चैत्राली खिडकीतून बाहेर बघत, हाताने सीट घट्ट धरून. ताई मात्र ताठ बसल्या होत्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, ओठ मिटलेले, आणि कुणी रस्ता दिला की लुक लुक लुक. एका ट्रकवाल्याने आत घेतलं तर त्याला इतका वेळ नमस्कार चालला होता की तो पुढच्या वळणाला निघून गेला तरी आमचे दिवे चालूच.

पार्काच्या फाटकावर नियम ऐकवले. काचा बंद ठेवा. दार कुठल्याही परिस्थितीत उघडू नका. गाडी बंद पडली किंवा कुणाला त्रास झाला तर चारही इशारादिवे लावून थांबून राहा, आमची माणसं मदतीला येतील. मोहनरावांनी ते सगळं आम्हाला परत एकदा मराठीत ऐकवलं. आम्ही तिघींनी माना डोलावल्या. ताईंनी सगळ्यात जोरात डोलावली.

अस्वलं झाली. एकही चूक नाही. मोहनराव गप्प बसायला लागले होते आणि चैत्रालीने सीट सोडली होती. मग ते दुहेरी लोखंडी दार उघडलं, मागे बंद झालं, आणि आम्ही सिंहांच्या भागात. रस्ता दोन पदरी. डाव्या कडेला गवतात, अगदी हाताच्या अंतरावर, एक मोठा आयाळवाला सिंह पसरलेला. डाव्या पदरात एक निळी गाडी होती. तिच्यातल्या माणसाने आमचं नवशिक्याचं चिन्ह बघितलं असणार. तो थांबला आणि हाताने खूण केली की तुम्ही पुढे या. ताईंनी सफाईदार गाडी डावीकडे घेतली, सिंहाच्या शेजारी नेली, आणि त्या भल्या माणसाला, दुसरं काय, लुक लुक लुक.

त्याच क्षणी सिंहाने मान उचलून आमच्याकडे बघितलं. ताईंनी ब्रेक दाबला. दिव्यांचं बटण तसंच चालू राहिलं.

आम्हाला कुणाला पत्ताच नाही. आम्ही सगळे सिंह बघतोय. मागे गाड्या थांबत गेल्या. इथे हॉर्न वाजवणं म्हणजे शिवी दिल्यासारखं, त्यामुळे कुणी हूं की चूं नाही. पुढची गाडी दिवे लावून थांबलीय म्हणजे काहीतरी कारण असणार, असं प्रत्येकाने समजून घेतलं. आणि मग समोरून एक झेब्र्याच्या पट्ट्यांची जीप भरधाव आली, आमच्यापुढे आडवी उभी राहिली, आणि भोंग्यातून आवाज आला, "पांढरी गाडी, काय त्रास आहे? कुणी आजारी आहे का?"

ताईंचा चेहरा पांढराफटक. उत्तर द्यायचं तर काच खाली करायची नाही. म्हणून त्यांनी आतूनच वाकून नमस्कार करायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. बाहेरून ते कसं दिसलं असेल! जीपवाला परत भोंग्यातून म्हणाला, ड्रायव्हरच्या पोटात दुखतंय का? चैत्राली सीटवरून घसरत पार खाली गेली, मला फक्त तिचं कपाळ दिसत होतं. शेवटी मीच ओरडले, ताई, दिवे! ताईंनी बटण बंद केलं. जीपवाल्याने बघितलं, हात केला, गाडी वळवली आणि निघाला.

आता एवढा माणूस आपल्यासाठी धावत आला आणि काही न बोलता परत चाललाय. तुम्हीच सांगा, ताई काय करणार? सवयीने हात गेला. लुक लुक लुक.

जीप परत आली.

मला हसू फुटलं. खोटं कशाला बोलू, मी डबा मांडीवर धरून लोळत होते. जीपवाला भोंग्यातून पुन्हा काळजीने विचारत होता, ताई पुन्हा वाकत होत्या, आणि मग खालून चैत्राली उठली. इथे लांबून सगळं ठीक आहे असं सांगायचं तर दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठं वर्तुळ करतात. तिने ते केलं, मला म्हणाली, "मावशी, तू पण कर," मराठीत म्हणाली बरं का, आणि आम्ही दोघींनी मागच्या सीटवर डोक्यावर वर्तुळं धरली. ताईंनी स्टिअरिंग सोडून तिसरं धरलं. जीपवाला क्षणभर बघत राहिला, मग त्याने स्वतःही तसंच वर्तुळ केलं, आणि ह्या वेळी खरोखर गेला.

ह्या सगळ्या धांदलीत मोहनरावांचा आवाज एकदाही आला नव्हता. ते त्यांच्या काचेकडे पूर्ण वळून बसले होते. डाव्या बाजूचं दिसत नाही म्हणून त्यांना अंगासकट वळावं लागतं. कपाळ जवळजवळ काचेला टेकलेलं. पलीकडे सिंह. तो एव्हाना उठून बसला होता, जांभई दिली, जिभेने पंजा चाटत होता, मग परत ह्यांच्याकडे बघत बसला. मोहनराव हललेच नाहीत. मागच्या गाड्या बाजूने काढून जाईपर्यंत, सिंह आपण होऊन उठून झाडाखाली जाईपर्यंत, ते तसेच.

बाहेर आलो. ताईंनी गाडी दोन जागांच्या मधोमध तिरकी लावली आणि तशीच राहू दिली. कॅन्टीनमध्ये आम्ही टेबलाला बसलो. फुजी ढगात, कुठे दिसत नव्हता. मी डबा उघडला, पोळीभाजी वाढली, कुणी हात लावेना. आत्ताच पोट धरून हसलेली मी, पण ताईंकडे बघितलं आणि मीही ताटली बाजूला सारली. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं खचलेलं बघितलं नव्हतं. त्यांनी गाडीची किल्ली काढून टेबलावर, नवऱ्यासमोर ठेवली.

"हरले मी," त्या म्हणाल्या. "तुमची अट होती एकही चूक नाही, आणि माझ्यासाठी तिथे जीप आली. एकदा नाही, दोनदा. घरापर्यंत नेते, दुसरं कोण नेणार? पण आफ्रिकेचं आता सोडून द्या. तिथे रानात माझी चूक निस्तरायला कोण येणार आहे?"

चैत्राली काहीतरी बोलायला गेली. ताईंनी मान हलवून तिला थांबवलं. मोहनरावांनी किल्ली उचलली. ती परत ताईंच्या हातात दिली आणि त्यांची मूठ आपल्या हाताने मिटली. चारचौघांत बायकोचा हात धरणारा हा माणूस नव्हे हो.

"उद्या सकाळी मी बुकिंग करतो," ते म्हणाले. "ड्रायव्हर म्हणून तुझंच नाव घालतो."

"अहो, आणि आज झालं ते?"

"आज काय झालं? तू थांबलीस. मागे सगळं जग खोळंबलं तरी थांबलीस आणि मला सिंह दिसला. सगळा दिसला, शैला. त्याच्या मिशा दिसल्या. तिथे जाऊन आणखी काय करायचंय आपल्याला?"

ताईंनी किल्ली पर्समध्ये टाकली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसतही होत्या, आणि पोळीचा तुकडा मोडून तो भाजीत बुडवायचा सोडून पाण्याच्या पेल्यात बुडवला. मला रडू आलं. चैत्राली आपल्या बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली, आणि पलीकडच्या टेबलावरची जपानी मंडळी फार सभ्यपणे दुसरीकडे बघत राहिली.

मग जेवलो, पोटभर जेवलो. डबा चाटूनपुसून संपवला. परत गाडीत बसलो तर मोहनराव सवयीने म्हणाले, शैला, आरसा. ताईंनी आरसा नीट केला, किल्ली फिरवली आणि त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "आरसा मी बघते. तुम्ही बाहेर बघा."

आणि ओजिमा येईपर्यंत तो माणूस काचेला टेकून बाहेर बघत होता.